अस्सल थाई पाहिजे, पण वास नको

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर नेहमीचेच विषय आहेत. पाण्याचे टँकर, लिफ्टचं कंत्राट, पार्किंगमधल्या बेवारस सायकली. सातव्या क्रमांकावर मात्र लिहिलंय, "तळमजल्यावरील उपाहारगृहाच्या वासाबाबत निर्णय घेणे." हे उपाहारगृह म्हणजे आमच्या इमारतीखालचं थाई रेस्टॉरंट. बावीस खुर्च्यांचं. नवरा स्वयंपाकघरात, बायको काउंटरवर, दोन पोरं वाढायला. गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि गाळामालक म्हणतोय, सोसायटीची हरकत असेल तर मी पुढचा करार करत नाही.

मला यावर बोलायचंय. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, त्यात हे मावणार नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे. आणि आधीच कबूल करते, या प्रकरणात माझी बाजू धुतल्या तांदळासारखी नाही.

तर झालं असं. दोन वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी बँकॉकला गेलो होतो. सहा दिवस. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक बाई गाडी लावायची. कढई लालबुंद तापवून त्यात ठेचलेली लसूण-मिरची, मग चिकनचा खिमा, शेवटी मूठभर पानं, की उतरवलं. गरम भातावर तो खिमा आणि वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. पाड क्राफाओ त्याचं नाव. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. सहापैकी चार दिवस मी दुपारी तेच खाल्लं. परत आले ती थाई जेवणातली तज्ज्ञ होऊनच. सहा दिवसांत माणूस केवढा तयार होतो, हे टूरवरून परत आलेल्या कोणालाही विचारा.

गेल्या जूनमध्ये आमच्याच इमारतीखाली थाई रेस्टॉरंट उघडलं तेव्हा साहजिकच सगळ्यांनी मला विचारलं, कसं आहे गं? नोव्हेंबरात मी रिव्ह्यू लिहिला. मॅपवर टाकला आणि सोसायटीच्या ग्रुपवरही. तो असा होता:

"जागा स्वच्छ, माणसं नम्र. पण हे थाई नव्हे. ग्रीन करी गोडमिट्ट. बेसिल चिकनला बँकॉकचा तो वासच नाही. फिश सॉसचा पत्ता नाही. आचारी थाई नाही हे पहिल्या घासाला कळतं. ऑथेंटिक खायचं असेल तर इथे जाऊ नका. दोन स्टार."

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. "वा, काय परखड लिहिलंस." "आमचे पैसे वाचवलेस." मला बरं वाटलं. का नाही वाटणार? आयुष्यभर बँकेत व्हाउचरं तपासली, माझ्या मताला एवढी दाद कुणी दिली नव्हती.

आता यातली जी गोष्ट मी तेव्हा सोयीस्करपणे विसरले होते, ती सांगते. नोव्हेंबरच्या आधी ऑगस्ट होता. ऑगस्टमध्ये आमच्या मॅनेजिंग कमिटीने त्या रेस्टॉरंटला एक पत्र दिलं होतं. खालून मासळी सडल्यासारखा वास येतो, रहिवाशांना त्रास होतो, तात्काळ बंदोबस्त करावा. त्यावर सतरा सह्या होत्या. मी कमिटीवर आहे. तिसरी सही माझी.

जानेवारीत सभेची नोटीस द्यायला मी खाली गेले. दुपारचे साडेतीन वाजले असतील. गिऱ्हाईक नव्हतं. घरची चार माणसं मागच्या टेबलावर जेवायला बसली होती. दार उघडलं आणि मी जागच्या जागी थांबले. तोच वास. बँकॉकच्या गल्लीतला. ठेचलेली मिरची, लसूण आणि ते पान.

मी विचारलं, हे काय आहे? ती बाई हसली, बसा म्हणाली, थाळी पुढे केली. मी खाल्लं. तेच होतं. मग मी, अगदी तावातावाने, विचारलं, अहो, हे मेन्यूवर का नाही? लोकांना ते गुळचट बेसिल चिकन का देता?

तो हात पुसत उठला, काउंटरखालून प्लास्टिकची फाइल काढली आणि त्यातलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. "मॅडम, ये तो आप ही लोगों ने बंद करवाया." आवाजात राग नव्हता. वीजबिल दाखवावं तसं दाखवलं. माझी सही ओळखू येण्यासारखी आहे, वळणदार.

त्यानंतर तासभर आम्ही बोललो. तो नागालँडचा, दिमापूरचा. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात थाई शेफबाईंच्या हाताखाली चार वर्षं काढलेली. पहिलं वर्षभर त्याला फक्त वाटण करायला लावलं होतं, दगडी खलात. त्याने मला एकेक जिन्नस दाखवला आणि मी चकित झाले, कारण निम्मं सामान माझ्या ओळखीचं निघालं.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. माझ्या आईच्या अंगणात त्याचं बेट होतं. गलंगल म्हणजे आल्यासारखा दिसणारा, पण कापरासारखा वास असलेला कंद. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन म्हणून वाळलेला मिळतो, गवयी लोक आवाजासाठी तोंडात धरतात, तो त्याच कुळातला. ग्रीन करीत जी बेसिलची पानं पडतात, ती आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाच्याच जातीची. थाई लोक ज्याला 'कापी' म्हणतात तो कोळंबीचा लगदा जवळ्यासारख्या बारीक कोळंबीत मीठ घालून, आंबवून आणि वाळवून करतात. फिश सॉस म्हणजे छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून निघालेलं पाणी. कोकणातल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. कोकणातल्या माणसाला आमच्या सोसायटीत सुकट भाजता येते का, हा प्रश्न वेगळा. येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी एकदा भाजली होती, त्यावरही ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली.

तर ऑगस्टच्या पत्रानंतर त्याने कापी बंद केली आणि तापल्या कढईत फिश सॉस ओतणं बंद केलं. त्याची खारट खोली गेली, चव नुसती नारळाच्या दुधावर आली, म्हणून करी गोड लागायला लागली. शिवाय दहातली चार गिऱ्हाइकं विचारतात, जैन मिळेल का? त्यांच्यासाठी वाटणच वेगळं करावं लागतं, कारण थाई वाटणात लसूण आणि छोटे कांदे असतातच. बावीस खुर्च्यांच्या दुकानाला दोन-दोन वाटणं परवडत नाहीत. मग एक मधलं सौम्य वाटण, ज्यात चूक काढता येत नाही आणि कौतुकही करता येत नाही. ऑक्टोबरात मी खायला बसले, नोव्हेंबरात रिव्ह्यू लिहिला. म्हणजे ज्या चवीला मी दोन स्टार दिले, ती चव माझ्याच सहीने तयार झाली होती.

राहिलं ते पान. मी विचारलं, आज जेवणात होतं ते पान कुठलं? तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुलसी."

पाड क्राफाओमधलं क्राफाओ म्हणजे तुळस. आपल्या वृंदावनातली तुळस आणि ती एकाच जातीची, वाण थोडं वेगळं. बँकॉकला चार दिवस मी मिटक्या मारत खाल्लं ते तुळस घातलेलं चिकन होतं, आणि मला पत्ता नव्हता. तो म्हणाला, इथे तुळस देव आहे, चिकनमध्ये घातली आणि कुणी व्हिडिओ काढला तर? म्हणून गिऱ्हाइकाला साधं बेसिल. स्वतःच्या जेवणापुरती तुळस तो मंडईजवळच्या हारवाल्याकडून आणतो. "फूलवाला समझता है मैं बहुत पूजा करता हूँ." तो ख्रिश्चन आहे. हे सांगताना तो हसला आणि मीही हसले, पण मला ते पुढे बराच वेळ टोचत राहिलं.

आता त्या वाक्याकडे येते ज्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. "आचारी थाई नाही हे पहिल्या घासाला कळतं." खरं सांगायचं तर मला घासाला काहीच कळलं नव्हतं. मला वाढणाऱ्या पोराने सांगितलं होतं. गंमत म्हणजे बाकीच्या गिऱ्हाइकांना अगदी उलट वाटतं. काउंटरवरच्या त्याच्या बायकोला लोक रोज विचारतात, तुम्ही थायलंडच्या का? तिने आधी खरं सांगून पाहिलं. नागालँड म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. मग तिने थाई पद्धतीचा रेशमी पोशाख शिवून घेतला. आता लोक तिच्यासोबत फोटो काढतात आणि "ऑथेंटिक वाटतं" असं लिहितात. हीच बाई रात्री दुकान बंद करून, साधा कुडता घालून रिक्षा थांबवते तेव्हा नाक्यावरची पोरं तिला "ए मोमो" म्हणतात. एकच चेहरा आहे. दुकानात तो अस्सलपणाचा पुरावा आणि रस्त्यावर परकेपणाचा.

हे पुण्यातलं एकट्याचं दुखणं नाही. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली होती. त्यात कपडे कसे घालावेत याबरोबरच, बांबूचे कोंब, अखुनी असे वास येणारे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असाही सल्ला होता. अखुनी म्हणजे नागा लोकांचं आंबवलेलं सोयाबीन. एका राज्याच्या रोजच्या जेवणाची गणना सुरक्षेच्या प्रश्नात झाली. पुढे २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुणे अशा शहरांतून ईशान्येची हजारो माणसं मिळेल त्या रेल्वेने गावी निघून गेली. तो तेव्हा मुंबईत नवीन होता. तोही गेला होता, दोन महिन्यांनी परत आला. दिमापूरला असताना घरी रोज अखुनी असायची. पुण्यात भाड्याच्या खोलीत त्याने ती आजवर एकदाही शिजवलेली नाही. थाई फिश सॉस निदान परदेशी म्हणून खपतो तरी, असं त्याचं म्हणणं. तोही आमच्याकडे खपला नाही.

मग मी घरी येऊन जरा वाचलं. अस्सल थाई म्हणजे नक्की काय, हे तरी कळू दे.

तर पाड थाई, जे जगभर थायलंडची ओळख म्हणून विकलं जातं, ते काही शेकडो वर्षांचं जुनं नाही. १९३९ साली सयामचं नाव बदलून थायलंड झालं. तेव्हा पंतप्रधान होते फिबुनसोंगख्राम, कडवे राष्ट्रवादी. देशाने काय घालावं, कसं वागावं याचे फतवे त्यांच्या सरकारने काढले, आणि त्याच काळात सरकारी उत्तेजनाने या नूडल्सचा देशभर प्रसार झाला. नूडल्स आणि कढईत परतायची पद्धत चिनी, त्यात चिंच, ताडगूळ आणि फिश सॉस त्यांचा. नाव मात्र 'थाई'. मसामन करी, ज्यात दालचिनी, वेलची असे आपले गरम मसाले असतात, तिच्या नावातच मुसलमान हा शब्द आहे. आणि मिरची तर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी अमेरिकेतून आणलेली. त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. सोळाव्या शतकाआधी ना आपल्याकडे ठेचा होता, ना त्यांच्याकडे लाल करी.

सगळ्यांत नवल वाटलं ते सोम तमचं. कच्च्या पपईची ती कोशिंबीर. मुळात ती थायलंडच्या ईशान्य भागातली, इसानमधली आणि शेजारच्या लाओसमधली. तिथे तिच्यात 'प्ला रा' घालतात, म्हणजे आंबवलेल्या नदीच्या मासळीचा घट्ट, उग्र रस. इसानची गरीब माणसं पोटासाठी बँकॉकला आली तेव्हा सोम तमही आली. बँकॉकच्या पांढरपेशांना प्ला राचा वास सोसेना. मग दाणे आणि सोडे घातलेली, प्ला रा नसलेली सौम्य कोशिंबीर 'सोम तम थाई' या नावाने चालू लागली. म्हणजे खुद्द थायलंडमध्येही ईशान्येचीच माणसं, त्यांचाच वास, आणि शहराने नाक मुरडल्यावर बेताची केलेली चव. आपण आपल्या मेन्यूवर तिलाच अस्सल म्हणून टिक करतो.

बरं, हा अस्सलपणा ठरवायचा आग्रह थाई सरकारलाही आहे. २००२ पासून जगभर थाई रेस्टॉरंटं वाढावीत म्हणून त्यांनी रीतसर मोहीम चालवली, परदेशातल्या चांगल्या ठिकाणांना त्यांचं वाणिज्य मंत्रालय 'थाई सिलेक्ट' असं प्रमाणपत्र देतं. २०१४ साली तर सरकारी पैशातून एक यंत्र तयार झालं. पदार्थाचा नमुना त्यात ठेवायचा, सेन्सर वास आणि चव मोजतात आणि शंभरपैकी गुण देतात. ऐंशीच्या खाली नापास. वाचून मला हसू आलं, मग आठवलं की ते यंत्र सोसायटीच्या ग्रुपवर आधीच होतं. मीच.

इथे मला माझ्या वडिलांबद्दल सांगायलाच हवं.

१९८४ ते १९९९ अशी पंधरा वर्षं त्यांनी चिंचवडला खानावळ चालवली. बोर्ड होता "अस्सल कोल्हापुरी". आम्ही अकोले तालुक्यातले, नगर जिल्हा. आई-वडिलांनी कोल्हापूर पाहिलं ते लग्नानंतर एकदा, अंबाबाईच्या दर्शनाला, तेही एका दिवसापुरतं. पण कंपन्यांमधले कामगार पाटी वाचून आत यायचे आणि 'अस्सल अकोले' वाचून कोण येणार होतं? पांढरा रस्सा वडील शेजारच्या एका कोल्हापूरकरणीकडून शिकले. महिन्याच्या कुपनात मटणाचं जेवण बसवायचं म्हणजे नारळ आणि काजू बेतानेच पडणार. मग घट्टपणाला थोडं तांदळाचं पीठ. हे मी सांगतेय कारण ते पीठ भिजवायचं काम माझं असायचं.

एक कागलचे गृहस्थ रोज जेवायला यायचे. रोज म्हणायचे, "हा काय पांढरा रस्सा झाला?" सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने. वडील म्हणायचे, "उद्या नारळ वाढवतो." आणि खरंच वाढवायचे, निदान त्यांच्या वाटीत. एक दिवस त्या गृहस्थांनी शेजारच्या टेबलावरच्यांना सांगितलं, "हे नगरकडचे. यांना काय येणार?" वडील काही बोलले नाहीत. त्या रात्री बोर्ड खाली उतरवून त्यांनी तो बराच वेळ पुसला आणि सकाळी परत लावला. मी दहावीत होते. त्या माणसाचा मला इतका राग आला होता की त्याचं ताट मी आठ दिवस नीट घासलं नव्हतं.

आणि तीस वर्षांनी मी काय लिहिलं? आचारी थाई नाही हे पहिल्या घासाला कळतं.

आता काही जण म्हणतील, म्हणजे काय, पैसे मोजूनही बोलायचं नाही? जरूर बोलायचं. करी गोड असेल तर गोड म्हणायचं. भात गिचका असेल, बिल चुकीचं असेल, सगळं लिहायचं. शाकाहारी म्हणून दिलेल्या ताटात फिश सॉस असेल तर ते गंभीरच आहे, तिथे मी कुणाचीही बाजू घेणार नाही. ते त्याने मेन्यूवर स्पष्ट लिहायला हवं आणि आता लिहिलंय. पण 'अस्सल' हा शब्द वेगळा आहे. तो पदार्थाबद्दल कमी आणि माणसाच्या जन्मगावाबद्दल जास्त बोलतो. आणि बहुतेक वेळा तो बोलणाऱ्याच्या विमानप्रवासाबद्दल बोलतो. मी तेव्हा लोकांना हे कळवत होते की मी बँकॉकला जाऊन आलेय. देशभरातल्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची जी लाल भाजी मिळते तिला आपण हसतो ना? हसावंच. पण ती करणाऱ्याला त्याचं गाव विचारून हाकलायला कुणी जात नाही.

दुसरी बाजूही मांडते, कारण तीही खरी आहे. वासाचा त्रास खोटा नाही. पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे. त्यांची खिडकी नेमकी खालच्या धुराड्याच्या वर येते. फोडणीच्या मिरचीचा खकाणा त्यांना बाधतो, मग ती मिरची थाई असो नाहीतर आपली लवंगी. त्यांनी तक्रार करू नये असं मी म्हणूच शकत नाही. पण त्यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. कढईवर नीट हूड आणि फिल्टर बसवायचा आणि धुराचा पाइप मागच्या भिंतीवरून थेट गच्चीच्या वर न्यायचा. वास आणि खकाणा दोन्ही वर निघून जातं. हा उपाय त्याने स्वतःच सप्टेंबरात लेखी मागितला होता, स्वतःच्या खर्चाने करतो म्हणून. कमिटीने नकार दिला. कारण लिहिलं, "इमारतीच्या सौंदर्यास बाधा." मागच्या भिंतीसमोर नाला आहे. ते सौंदर्य कोण बघतं मला माहीत नाही. त्या नकारावर माझीही सही आहे. तेव्हा मी अर्ज वाचलाच नव्हता, चहा येईपर्यंत सगळ्या कागदांवर सह्या करून मोकळी झाले होते.

म्हणजे हिशोब असा झाला. वास येतो म्हणून पत्र दिलं. वास घालवायचा मार्ग मागितला तर नाकारला. वास काढून टाकला तर चव गेली म्हणून दोन स्टार दिले. आणि आता रविवारी दुकानच काढायचं की काय हे ठरवायला बसतोय. यातल्या प्रत्येक पायरीवर मी हजर आहे.

रविवारी मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, मागच्या भिंतीवरून पाइप न्यायला परवानगी. खर्च तो करणार, काम अग्निसुरक्षेचे नियम पाळून, आणि पहिले तीन महिने आजींना त्रास होतो का हे कमिटीने त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. दोन, ऑगस्टच्या पत्रातली "सडल्यासारखा" हा शब्द असलेली ओळ सोसायटीने मागे घ्यावी. लोकांचं अन्न सडलेलं नसतं, आंबवलेलं असतं. आपण इडली खातो तेव्हा तिला सडलेली म्हणत नाही. विरोध होईल हे मला ठाऊक आहे. ग्रुपवर कालच एकाने लिहिलंय, "आज फिश सॉस, उद्या काय काय शिजेल." यातलं 'काय काय' म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांना सभेत सगळ्यांसमोर विचारणार आहे.

रिव्ह्यू मी बदललाय. काढून टाकला नाही, कारण मग कुणालाच काही कळलं नसतं. खाली लिहिलंय की चव सौम्य असण्याचं कारण आमची सोसायटी आहे, आचारी नव्हे. स्टार वाढवायला त्याने मला मनाई केली. "अभी वाला खाना दो स्टार का ही है मॅडम. पाइप लगने के बाद आना." माणूस स्वाभिमानी आहे.

एक गोष्ट राहिली. त्या दुपारी निघताना माझ्या मनात आलं होतं, आपल्या बाल्कनीत तुळस आहे, चांगली डेरेदार आहे, त्याला म्हणावं लागेल तेव्हा पानं न्या, हारवाल्याकडे कशाला जाता? शब्द ओठांवर आले होते. मी म्हणाले नाही. सासूबाई रोज सकाळी तिला पाणी घालतात, संध्याकाळी दिवा लावतात. त्यांच्या तुळशीची पानं चिकनमध्ये गेली हे मी त्यांना सांगू शकले नसते, आणि लपवून देणंही मला जमलं नसतं. मी रागावू नये अशी त्याची अपेक्षा होती, आणि सासूबाईंना दुखवू नये अशी माझी. दोन्ही खऱ्या. मग मी एवढंच केलं, नर्सरीतून तुळशीची चार रोपं आणून त्याच्या मागच्या दाराशी ठेवली. पैसे त्याने दिले, मी घेतले. ती रोपं त्याची आहेत. त्यांचं काय करायचं ते तो ठरवेल.

मात्र रविवारी कुणी ऑथेंटिक या शब्दावर मला काही ऐकवायला उठलं, तर मी आधी विचारणार आहे, तुमची सही ऑगस्टच्या पत्रावर आहे का? असेल तर माझ्या शेजारी येऊन बसा, आपण दोघं मिळून बोलू.

सभेला या. साडेदहा वाजता, क्लब हाउसमध्ये. कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबायला लावू नका.